दोन बीम

सात रस्त्यावर, कडक भाकरीच्या दुकानावर आमचं ऑफिस.
बाहेर चव्वेचाळीस. आत मी
समुद्र काढतेय निळ्या लेयरवर.
भरतीची रेघ, वादळाची रेघ,
आणि तिसरी एक, गावातल्या म्हाताऱ्यांनी
काठीनं वाळूत ओढून दाखवलेली,
जी कुठल्याच सर्व्हेत नाही.

पाजवेळ नावाचं गाव. कोळ्यांसाठी सभागृह.
वादळात आसरा; एरवी लग्नं,
सोसायटीची मीटिंग, पोलिओचे डोस.
एवढ्या लांबचं काम आम्हाला कसं मिळालं, सर जाणोत.
मी समुद्र बघितलेला नाही.
पाणी म्हणजे आमच्याकडं
चार दिवसांनी नळाला येतं ते.

पहिल्या दिवशी सवयीनं सपाट स्लॅब ओढला.
गच्चीवर झोपणारी माणसं आपण,
छत म्हटलं की आधी अंथरूण दिसतं.
सरांनी लाल पेनानं चारी बाजू उतरत्या केल्या.
म्हणाले, वाऱ्याला धरायला काही ठेवू नकोस,
वळचण आखूड कर,
गजांवर काँक्रीट चांगलं तीन बोटं दे.
बिजागरी, कडी, स्क्रू, काहीच गंजायला नको.
मीठ मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही.
बोअरच्या पाण्यानं बादलीला आतून धरलेला पांढरा थर,
देवळीखाली फुटलेला लोणा,
नखानं खरवडला की जिभेला कळतो.
त्या गावाशी तेवढी एकच ओळख.

फोनवर चांगुणाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्ष.
मागं लाटा होत्या की रेंजची खरखर, कळेना.
“बाय, ह्या नकाशान जाली कनच्या जागी वालत टाकाची?”
मी लिहिलं होतं: सार्वजनिक बैठक, गुळगुळीत लादी.
खोडलं. लिहिलं: जाळी.
प्रत्येक खांबाला हात पोचेल तिथं आकडा.

अडलं ते तळमजल्यावर.
पाणी आत येणार, हे धरूनच चालायचं होतं.
भिंत पक्की बांधावी तर लाट तिला ढकलते
आणि ती खांबालाही सोबत ओढते.
बांधूच नये, तर रोजचा आडोसा कसला?
आठ दिवस तीच फाईल. उघड, बंद.

रात्री नव्या पच्छा पेठेत, घरी,
पुढच्या खोलीत चार माग एकदम चाललेले.
मी ओरडून सांगितलं. नान्नांनी माग न थांबवता
अर्ध्या तेलुगूत विचारलं,
टॉवेलला बीम किती?
दोन.
खालचा ताठ, वरचा सैल. दोन्ही ताठ केले तर?
टॉवेल होणार नाही. नुसतं कापड.
“पाणी पीत नाही ते,” म्हणाले,
आणि तेवढ्यात एक धागा तुटला,
ते वाकले, बोलणं तिथंच राहिलं.

माझ्या नकाशातही बीमच होते. सगळे ताठ.
सकाळी भिंती सोडवल्या.
खांबांमध्ये लाकडी पट्ट्यांचे ताटवे,
वर टांगलेले, खाली खुंटीवर,
रोजच्या वाऱ्याला पुरे पडतील,
मोठी लाट आली की हात सोडतील.
शेजारी टीप लिहिली:
हे वाहून जाण्यासाठी आहे.

ग्रामसेवकाची तीन पत्रं आली.
जाणारी भिंत सरकारी पैशातून कशी मंजूर करायची?
चांगुणाबाईंनी म्हणे सभेत एवढंच विचारलं,
नांगराची दोरी तू कवा ताणून बांधतोस काय?
चौथं पत्र आलं नाही.

काल फोटो आला.
आकड्यांवर जाळी, ओली, खाली थेंबांची रांग.
एक ताटवा त्यांनी आत्ताच काढलाय,
आडवा टाकून त्यावर बोंबील वाळवलेत.
लाट अजून यायची आहे.

नान्नांनी चष्मा वर केला,
दोन बोटांनी फोटो मोठा केला.
मागं समुद्र होता, पहिल्यांदाच घरात आलेला.
ते जाळीची घरं मोजत होते.
विचारलं, गाठ हातानं मारतात
की मशिनवर?